पाचशेला पाचशे पाच

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
रविवार, ८ ऑक्टोबर २००६

प्रसेनजीत, जय भीम.

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील. फाडून टाकायचं असेल तर वाचून मग फाड. पत्ता शालननं दिला. तुझा इचलकरंजीचा पत्ता तिच्याकडे कधीपासून आहे आणि दोघी जावांचं आपापसात काय काय बोलणं होतं, हे मी विचारलं नाही. माझी बायको आणि तुझी संघप्रिया आपल्यापेक्षा शहाण्या आहेत एवढं मला माहीत आहे.

इचलकरंजी काही विलायत नव्हे, तासाभराची एसटी. तरी चौदा वर्षांत मी एक ओळ लिहिली नाही. आता लिहितोय तेही भांडण मिटवायला नव्हे, हे आधीच सांगतो. तुझ्या हातून जे झालं ते झालं, मी ते कधीच पोटात घातलं. लिहायचं कारण वेगळं आहे. काल मी एक गोष्ट बघितली आणि ती ज्याला सांगावी असा माणूस मला अख्ख्या उद्यमनगरात सापडला नाही. इथं सगळ्यांना लोखंड कळतं. लाकडावर रेघ मारताना श्वास धरावा लागतो हे कळणारा तूच एक होतास.

श्रुती आता तेवीस वर्षांची आहे. डिप्लोमा करून शिरोलीला एका कारखान्यात सीएनसी मशीनचे प्रोग्राम लिहिते. दिवसभर तिथं लोखंड कापून हौस भागेना, म्हणून आपल्या दुकानात लाकूड कापायचं मशीन तिनं स्वतः बांधलं. मोठ्या झेरॉक्स मशीनमधल्या मोटरी भंगारात मिळतात, त्या आणल्या. आट्याचे रॉड शेजारच्या लेथवर करून घेतले. कॉम्प्युटर राजारामपुरीतल्या एका क्लासनं नवे आल्यावर काढून टाकलेला. वर लाकडात खाच पाडायचा आपला नेहमीचा राउटर पट्ट्यानं आवळून बसवला. चार महिने दुकानात हा पसारा. मी रोज चिडवायचो, "झालं का गं तुझं शिलाई मशीन?" ती म्हणायची, "पप्पा, टोपी सांभाळा, एक दिवस काढायला लागंल."

काल तिनं शिसमाची फळी खाली आवळली आणि कॉम्प्युटरचं एक बटण दाबलं. मशीन आधी कोपऱ्यात जाऊन थांबलं. तिथून सरळ फळीच्या मध्यावर आलं आणि खाली उतरलं. पडद्यावर पिंपळाचं पान होतं, विहाराच्या आवारातल्या झाडाचं, तिनंच तोडून आणलेलं. मध्यापासून सुरुवात करून पाण्यात खडा टाकल्यावर वर्तुळं पसरतात तसं ते बाहेर बाहेर जात राहिलं. कडेच्या रेघेवर पोचल्यावर मी म्हटलं, आता चुकेल. माझा हात अशा वळणावर तीनदा थांबतो, तुझा दोनदा थांबायचा. ते थांबलं नाही. देठापासून निघालं आणि पूर्ण पान फिरून देठाशी आलं. भुसा झटकला तर तळ असा की नख फिरवलं तरी कुठे अडेना.

मी टोपी काढली. ठरवून नाही, हात आपोआप गेला. श्रुती हसली आणि मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. पस्तीस वर्षं पॅटर्न करतोय, वाळूत दाबून बीड ओतायचे लाकडी नमुने. किती केले याची गणती नाही. पण कुणाचाही हात नसताना लाकडात असं पान उमटताना बघितलं आणि अंगावर काटा आला.

मशीनच्या तळाला लागणारं जाड प्लाय तिनं दुकानातली एक जुनी शीट कापून घेतलं. त्या दिवशी मी लाकडाला मलकापूरला गेलो होतो. तिनं आणि शालननं मिळून ती कपाटामागनं ओढून काढली. शालन म्हणाली, "दोघींची कंबर मोडली. तुमी एकट्यानं ही तिथं घातली कशी?" मी म्हटलं, तेव्हा तरुण होतो.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

अण्णासो

*

रविवार, २९ ऑक्टोबर २००६

प्रसेनजीत,

उत्तर आलं नाही. मीच चालेल म्हटलं होतं, त्यामुळं बोलायला तोंड नाही.

तू जॉबर झालास हे शालनकडून कळलं. मागावर काय बिघडलंय ते नुसत्या आवाजावरून सांगतोस म्हणे. मला नवल वाटलं नाही. रंधा कुठे बोथट झालाय ते तू दुसऱ्या खोलीतनं सांगायचास.

मशीनवर श्रुती चॉपिंग बोर्ड करते. म्हणजे भाजी चिरायची फळी. शिसमाच्या फळीत पानाची खाच कोरायची, तेवढंच पान फणसाच्या लाकडाचं कापायचं आणि त्या खाचेत बसवायचं. वर रंधा मारून जवसाचं तेल पाजलं की काळसर शिसमात पिवळंधमक पान. पहिला बोर्ड झाला तेव्हा शालन बघत राहिली आणि म्हणाली, "एवढ्या नक्षीवर कांदा कोन चिरनार? घरात विळी हाय की." श्रुती म्हणाली, मुंबई-पुण्याकडं ओट्यावर उभं राहून चिरतात. त्यावर शालन म्हणाली, "चिरू देत. आमी बसून चिरतो आनि उभं ऱ्हाऊन खातो व्हय?" आता तो बोर्ड तिनं फळीवर भिंतीला टेकवून उभा केलाय आणि कांदा विळीवर चिरते.

एक गंमत तुलाच कळेल. फिरणारं कटर गोल, त्यामुळं मशीनला आतला टोकदार कोपरा करता येत नाही. पानाचं सगळं वळण देवाघरचं आणि टोकाला येऊन गोल होतं. पिंपळाच्या पानाचं सगळं रूप त्या शेपटीत असतं. श्रुती हिरमुसली. मी पटाशी घेतली आणि दोन मिनिटांत ते टोक काढून दिलं. तेव्हा ती माझ्या हाताकडे बघत राहिली, मी मशीनकडे बघतो तशी. माझी पटाशी त्या कोपऱ्याला जरा रुंद पडते. तुझी ती बारीक, दोन सुताची पाहिजे होती. जाताना बाकी सगळी हत्यारं ठेवून तेवढी एकच घेऊन गेलास.

आता एक खटकलेली गोष्ट. परवा श्रुती माझ्याबरोबर बाळासो शेटच्या फाउंड्रीत आली होती. तिथं एका पोराचं माप चुकलं, तर कृष्णात मोल्डर ओरडला, "झाला का प्रसेनजीत?" सगळे हसले. ही बोलायची रीतच पडली आहे इथं. माप चुकलं की "प्रसेनजीत झाला" म्हणतात. म्हणणाऱ्या निम्म्यांना हे कुणाचं नाव आहे ते माहीतही नसेल. मला त्याची सवय झाली होती. श्रुती मात्र हसली नाही. घरी येताना गाडीवर मागं बसून तिनं विचारलं, "काकांनी नेमकं काय केलतं?"

नेहमी सांगतो तेच मी तिला सांगितलं. ब्याण्णव साली इंजिनाच्या बैठकीचा पॅटर्न होता, काकानं चुकीच्या पट्टीनं माप घेतलं, बत्तीस बैठका आखूड निघाल्या आणि सगळ्या मोडीत गेल्या. तिनं विचारलं, "आखणी कुणाची व्हती?" मी म्हटलं, रस्त्याकडं बघू दे, ट्रक येतोय.

अण्णासो

*

रविवार, १९ नोव्हेंबर २००६

प्रसेनजीत,

या आठवड्यात माझी फजिती झाली. ऐकून तुला बरं वाटेल.

मी श्रुतीला म्हटलं, खाच मशीन करू दे, पान मी हातानं कापतो, बघू कोण नेमकं. तिनं माप दिलं, लांबी दोनशे मिलिमीटर. मी फणसाची फळी घेतली, पट्टीनं माप लावलं, रेघ मारली, पान कापलं, कानशीनं कड केली. तीन तास लागले, पण पान असं झालं की मलाच दृष्ट लागावी. खाचेवर ठेवलं तर आत जाईना. देठाकडनं बसवलं तर टोक बाहेर, टोकाकडनं बसवलं तर देठ बाहेर.

मी चिडलो. "तुझ्या मशीननं खाच बारकी केली," म्हणालो. "भंगारातल्या मोटरी त्या, कुठंतरी पाऊल चुकल्या." आणखी बरंच बोललो, शेजारच्या लेथवाल्यानं आवाज ऐकून डोकं आत घातलं. श्रुतीनं व्हर्नियर घेतला आणि खाच मोजली. बरोबर दोनशे. मग माझं पान मोजलं. दोनशे दोन.

"शंभराला एक," ती म्हणाली. "पप्पा, पट्टी कुठली घेतली बघा की."

हातात आपली मोठी पट्टी होती, लाल दोरा बांधलेली. पस्तीस वर्षं हात तिच्याकडेच जातो. श्रुतीला मग समजावून सांगितलं. ओतलेलं बीड गार होताना आकसतं, शंभराला एक. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, आणि दर वेळी हिशेब नको म्हणून आमची पट्टीच मोठी असते. तिच्यावर पाचशे लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात ती पाचशे पाच मोजते. घरच्या कामाला साधी पट्टी वेगळी. भाजीच्या फळीला मी फाउंड्रीची पट्टी लावली. लाकूड थोडंच आकसणार आहे.

श्रुती एवढी हसली की डोळ्यांतनं पाणी आलं. "म्हणजे पप्पा, हे पान ओतून घ्यायचं होतं!" मीही हसलो. मशीन मात्र तिथं गप उभं होतं. मी एवढं वाट्टेल ते बोललो, त्याला त्याचं काही नाही. त्याचं खरं होतं आणि ते खरं धरून बसलं होतं.

हसू थांबल्यावर तिनं सहज विचारलं, "असं उलटं कधी झालतं का? फाउंड्रीच्या कामाला साधी पट्टी?"

मी नाही म्हटलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, तुझ्या हातून जे झालं ते मी पोटात घातलं. ते वाक्य कसं लिहिलं गेलं कुणास ठाऊक. या पत्रात आणखी काही लिहायचं होतं, पण शालन जेवायला बोलावतेय.

दादा

*

रविवार, १७ डिसेंबर २००६

प्रसेनजीत,

आज न थांबता लिहितो, कारण थांबलो तर पुढं लिहिणार नाही.

मशीनच्या तळाचं प्लाय वरून फार ओरबाडलं होतं. पानं कापता कापता कटर खाली लागतंच. आज सकाळी श्रुतीनं स्क्रू सोडले आणि ते उलटं करून बसवलं. खालच्या बाजूला रेघा होत्या. सुरीनं ओढून वर पेन्सिल फिरवलेल्या, माझ्या पद्धतीच्या. कोपऱ्यात माझ्या अक्षरात 'इंजिन बैठक' आणि तारीख, १२ मार्च ९२. श्रुतीनं शीट कापताना त्या बघितल्या होत्या, पण जुन्या कामाच्या असतील म्हणून चांगली बाजू वर ठेवली होती.

त्या खाली आहेत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मलकापूरहून आलो, कपाटामागची शीट जागेवर नाही हे बघितलं, आणि मशीनच्या तळाकडं बघून सगळं समजलो. बोललो नाही. अडीच महिने त्या रेघांच्या पाठीवर पानं कोरली आणि तुला मशीनच्या कौतुकाची पत्रं लिहिली.

श्रुती खूश झाली. म्हणाली, "पप्पा, तुमचं हातकाम मशीनला दाखवूया." राउटरच्या जागी तिनं टोकदार सुई लावली, पहिल्या मध्यरेघेवर आणली, पडद्यावरचा आकडा शून्य केला. मग एकेक बटण दाबत सुई दुसऱ्या रेघेकडं न्यायला लागली. मी उभा होतो. सुई सरकत होती आणि पडद्यावर आकडा वाढत होता. चारशे झाले, साडेचारशे झाले. चौदा वर्षं जे मी पट्टी लावून मोजलं नाही ते माझी मुलगी माझ्यासमोर मोजत होती आणि तिला ते माहीत नव्हतं. सुई रेघेवर थांबली. पाचशे, आणि पॉइंटच्या पुढं दोन शून्यं.

"पाचशे!" ती म्हणाली. "चवदा वर्सांपूर्वी हातानं मारलेल्या रेघा आणि केसाचाबी फरक न्हाई." तिच्या तोंडावरचा तो आनंद मला बघवेना.

मी म्हटलं, "पाचशे नको होते. पाचशे पाच पाहिजे होते."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं वाकून रेघांच्या बाजूला बघितलं. तिथं बारीक अक्षरात तू लिहिलेलं आहे, 'दादा, पट्टी?' अजून स्वच्छ वाचता येतं.

आता तुला जे माहीत आहे तेच सांगतो, पण माझ्या तोंडून. त्या सकाळी मी श्रुतीचं अभ्यासाचं टेबल करत होतो. घरचं काम, म्हणून साधी पट्टी हातात होती. मधेच बाळासो शेटचा निरोप आला, बैठकीचा पॅटर्न आजच पाहिजे. मी टेबल बाजूला सारलं, शीट पुढं ओढली आणि तीच पट्टी घेऊन आखणी केली. तू बघितलंस. तोंडानं विचारायची आपल्या दुकानात पद्धत नव्हती, म्हणून लिहून विचारलंस. मी वाचलं. मी म्हटलं, "तुला मी शिकवलं का तू मला?" आणि तू मान खाली घालून त्या रेघांवरनं माप घेऊन पॅटर्नचं लाकूड कापलंस.

बत्तीस बैठका आखूड निघाल्यावर फाउंड्रीच्या अंगणात सगळ्यांसमोर मी तुझ्यावर हात उचलला. तेहतीस वर्षांच्या माणसावर. म्हणालो, हा साधी पट्टी घेऊन बसला. तू एक शब्द बोलला नाहीस. दुकानात परत येऊन मी ती शीट कपाटामागं सरकवली, रेघा भिंतीकडं करून. पूर्ण आठ बाय चारची शीट. ती कपाटाच्या पायाला अडली, मी जोर लावत राहिलो, मग एकदम सुटली आणि आत गेली. मी वळूनही बघितलं नाही, तसाच मागच्या दारानं बाहेर पडलो. संध्याकाळी आलो तर तू गेलेला, आणि तुझी पटाशी नव्हती.

मी ती शीट कधी मोजली नाही. मोजली नाही म्हणून मला नक्की माहीत नाही, असं स्वतःला सांगत आलो. मोजायला लागलं असतं एक मिनिट.

तू पॅटर्न मेकर होतास. तुझ्यासारखी रेघ मी नंतर कुणाची बघितली नाही. उद्यमनगरात तुला कुणी उभं केलं नाही, कारण तुझ्या सख्ख्या भावानंच तुझं नाव घेतलं होतं. तू मागांच्या आवाजात चौदा वर्षं घालवलीस आणि इथं पोरं तुझ्या नावानं हसतात. चूक माझी होती. माफ कर असं म्हणायची माझी लायकी नाही. तरी म्हणतो.

श्रुती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "हे मला सांगून काय उपेग? ज्यांना खोटं सांगितलं त्यांना सांगा."

दादा

*

शुक्रवार, २२ डिसेंबर २००६

प्रसेनजीत,

काल सांगितलं.

चहाच्या सुट्टीला बाळासो शेटच्या फाउंड्रीत गेलो. त्याच अंगणात. श्रुतीनं सुट्टी काढली होती, ते प्लाय तिच्या डोक्यावर आणि दोन्ही पट्ट्या माझ्या हातात. वीसेक माणसं होती. शेट खुर्चीवर, आता त्यांना नीट उठता येत नाही. मी प्लाय त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, ब्याण्णवच्या बैठकीची ही आखणी. माझी. मग आधी लाल दोऱ्याची पट्टी लावून दाखवली, नंतर साधी. साधी बरोबर बसली. तू लिहिलेलं मी वाचून दाखवलं, आणि मी काय उत्तर दिलं होतं तेही सांगितलं.

शेट बराच वेळ त्या रेघांकडं बघत होते. मग म्हणाले, "आता चवदा वर्सांनी सांगतोस. ह्येचं मी काय लोनचं घालू?" मग हळू आवाजात म्हणाले, "लई चांगला हात व्हता रं त्या पोराचा. मला त्याचं तोंड बी आठवतंय. नुसता बघत हुता तुझ्याकडं."

कृष्णात मोल्डर पुढं आला. चौदा वर्षं ती म्हण सगळ्यात जास्त त्यानंच वापरली असेल. डोकं खाजवत म्हणाला, "मग आता माप चुकलं की काय म्हनायचं? अण्णासो झाला?" दोघं-तिघं हसले आणि माझ्याकडं बघून थांबले. मी म्हटलं, व्हय, तसंच म्हणायचं. आजपासून. निघताना मागून एकाचा आवाज आला, कुणाच्या तरी साच्याला वाळू कमी पडली होती, "आरं अण्णासो झाला की." श्रुती म्हणाली, लवकर रुजलं. कानाला लागलं, पण बरंही वाटलं.

या पत्राबरोबर श्रुती एक बोर्ड घेऊन तुझ्याकडं येतेय. नऊ वर्षांची आठवत असेल, दारात ओळखू येणार नाही. हनुवटी आपल्या आईची आहे. शिसमाची फळी, फणसाचं पान. मशीननं दोन्ही कापलंय, माप श्रुतीचं, मी पट्टीला हातही लावला नाही. खाचेचं टोक गोलच ठेवलंय, मी पटाशी फिरवली नाही. त्यामुळं पान अजून बसत नाही, ते कागदात गुंडाळून वेगळं ठेवलंय. त्या कोपऱ्याला दोन सुताची पटाशी लागते आणि ती तुझ्याकडे आहे.

मशीन बघून मी थक्क झालो, असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते खरंच आहे, अजूनही ते चालू झालं की मी काम टाकून बघत बसतो. पण कालपासून सारखा तूच डोळ्यांपुढं येतोस. खरं माहीत असून, अंगणात सगळ्यांसमोर, एक शब्द न बोलता उभा. ते कुठल्या मापानं मोजायचं मला समजत नाही.

तू यावंस असं मला वाटतं. मी बोलावतोय असं नाही, बोलवायचा हक्क उरलेला नाही. दुकान मात्र रविवारीही उघडं असतं.

दादा

*

इचलकरंजी
बुधवार, २७ डिसेंबर २००६

दादा, जय भीम.

पाचही पत्रं मिळाली. पहिली तीन पाळी सुटल्यावर शेडच्या बाहेर बसून वाचली. चौथं घरी वाचलं, संघप्रियाला वाचून दाखवलं. श्रुती आली, जेवून गेली. हनुवटी आईची आहे, बोलणं वहिनीचं आहे.

राग आला नव्हता असं नाही. आखणीचा नाही आला, आखणी कुणाचीही चुकते. हात उचललास त्याचा आला आणि थोडा अजून आहे. तिकडं आल्यावर तो समोर सांगीन.

ती म्हण मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी इथं एक फिटर आला होता, कोल्हापूरचा. मागाचा दांडा आखूड कापला म्हणून एका पोराला माझ्यासमोर म्हणाला, प्रसेनजीत झाला बघ. त्याला माझं नाव माहीत नव्हतं. मी म्हटलं, व्हय, झाला खरा.

त्या दिवशी मी बोललो असतो तर तुझी आखणी चुकली हे सगळ्या उद्यमनगराला कळलं असतं. दुकान तुझ्या रेघेवर चालत होतं. मी पडलो तर एक माणूस पडतो, तू पडलास तर चार चुली विझतात. श्रुतीचं टेबल अर्धं झालं होतं, ते मी बघत होतो. एवढाच विचार केला, त्यात मोठं काही नाही.

एक दुरुस्ती मात्र केली पाहिजे. चौथ्या पत्रात तू लिहिलंस की शीट कपाटाच्या पायाला अडली, मग एकदम सुटली. सुटली नव्हती. आठ बाय चारची शीट एकट्याला ढकलून आत जात नाही, वहिनीलाही ते कळलं. मी पटाशी घ्यायला आलो होतो. तू भिंतीकडं तोंड करून जोर लावत होतास. मागचं टोक मी उचललं.

रविवारी दुपारच्या एसटीनं येतो. पान इथं बसवलं नाही, शेडजवळ मागांमुळं जमीन हालते, कोपरा नीट निघत नाही. बोर्ड आणि पटाशी घेऊन येतोय. टोक मी काढतो. फळी तू धर.

प्रसेनजीत